संशोधनग्रंथ कसा वाचावा : नवशिक्यांसाठी सूचना

ज्यांनी आजवर कादंबऱ्या, आत्मचरित्रे आणि दिवाळी अंकातले राशिभविष्य एवढेच वाचले आहे आणि ज्यांना आता काहीतरी कसदार वाचायचे आहे, त्यांच्यासाठी या सूचना आहेत. कसदार म्हणजे ज्याच्या पानाचा खालचा अर्धा भाग बारीक टायपात असतो ते. पूर्वतयारी फारशी लागत नाही. मराठी वाचता यावे, दुपार मोकळी असावी आणि मांडीला मुंग्या आल्या तरी माणसाने कुरकुर करू नये. साहित्य म्हणून एक पेन्सिल, एक खोडरबर, आकडेमोडीला पाठकोरे कागद आणि जमल्यास एखादी जुनी जंत्री जवळ ठेवावी. खोडरबर सर्वांत आधी झिजेल.

पायरी पहिली : ग्रंथ मिळवणे

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन ग्रंथाचे नाव सांगा. दुकानदार विचारील, ‘कुठल्या इयत्तेचं?’ खचून जाऊ नका. ग्रंथ बाजारात नाही, एवढाच त्याचा अर्थ. मराठीतला चांगला संशोधनग्रंथ एकतर नुकताच संपलेला असतो, नाहीतर त्याची सुधारित आवृत्ती लवकरच निघणार असते. या दोन अवस्थांच्या मधे तो कधीतरी विक्रीला असतो म्हणतात. तेव्हा जुन्या पुस्तकांच्या पथारीवर लक्ष ठेवा. तिथे तो मिळेल, पण संच मिळणार नाही, तिसरा खंड मिळेल. तिसराच का, ते विचारू नये. पहिला खंड लोक घरी ठेवतात, कारण तो वाचायचा राहिलेला असतो. तिसरा विकताना कोणालाच वाईट वाटत नाही.

खंड मोजण्यातही गफलत होते, म्हणून इथे इशारा देऊन ठेवतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास ५ खंडांचा आहे, असे सगळीकडे लिहिलेले असते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तो इंग्रजीतून काढला. पहिला खंड १९३० साली निघाला, शेवटचा १९६२ साली. पण दुसरा आणि पाचवा हे खंड प्रत्येकी दोन भागांत आहेत, म्हणजे घरी ७ पुस्तके येतात. पहिल्या खंडाची दुसरी आवृत्तीही दोन भागांत निघाली, ती घेतलीत तर ८. फळी घालणाऱ्या सुताराला ५ आकडा सांगून फसू नका. सगळी मिळून साडेसहा हजारांच्या आसपास पाने होतात. मुंबईला वकिली करता करता काण्यांनी ती लिहिली. पहिला खंड आला तेव्हा ते पन्नाशीत होते आणि शेवटच्या खंडाच्या वेळी ब्याऐंशीचे. तुम्हाला वाचायला वेळ मिळत नाही, ही सबब या ग्रंथासमोर उभे राहून सांगून पाहा.

कोणीतरी शहाणा माणूस सल्ला देईल की गो. स. सरदेसाईंच्या रियासतीपासून सुरुवात करा. हा सल्ला नवशिक्याने मानू नये. बडोद्याच्या राजपुत्रांना शिकवता शिकवता केलेल्या टिपणांतून ही रियासत उभी राहिली, त्यामुळे ती समजते. समजते म्हणून माणूस पुढे पुढे वाचत सुटतो आणि शिस्त बिघडते. इरावती कर्व्यांचे महाभारतावरचे ‘युगान्त’ही सध्या बाजूला ठेवा. ते सडपातळ आहे. बसमध्ये हातात धरले तर शेजारच्याला कादंबरी वाटेल.

पायरी दुसरी : प्रस्तावना

इथे घाई करायची नाही. बाकीच्या सगळ्या पायऱ्या गाळल्यात तरी चालेल, ही गाळू नका. मराठी विद्वत्तेत प्रस्तावना हाच ग्रंथ असतो. मागे जोडलेला मजकूर पुरावा म्हणून असतो आणि पुरावा न्यायाधीशाने पाहायचा असतो.

नवशिक्याला वाटते की प्रस्तावना म्हणजे चार-दोन पाने, त्यांत पत्नीचे आभार, मुद्रकाचे आभार आणि उणिवांबद्दल क्षमा. तसली प्रस्तावना ललित पुस्तकांना असते. श्री. व्यं. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढायला घेतला तेव्हा ‘अ’पासून सुरुवात करण्याआधी थोडी प्रस्तावना करावी असे त्यांना वाटले. ती प्रस्तावना ५ खंडांची झाली. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास, एवढे झाल्यावर ‘अ’ आला. संपूर्ण कोश २३ खंडांचा, १९२० च्या दशकात छापून पुरा झालेला, आणि त्याचा जवळजवळ पाव भाग दारातच उभा. त्यासाठी लिमिटेड कंपनी काढली होती, भाग विकले होते, वर्गणीदार गोळा केले होते. ज्या वर्गणीदाराला ‘आंबा’ पाहायचा होता, त्याला आधी वेदविद्या घरपोच झाली. त्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहा, म्हणजे या पायरीसाठी लागणारी सोशिकता अंगी येईल.

वि. का. राजवाडे हा या पायरीचा कळस. १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे आहेत, म्हणजे पानिपतापर्यंतची. पत्रे आधी की प्रस्तावना आधी, असा प्रश्न राजवाड्यांना पडण्याचे कारण नव्हते. पत्रांच्या आधी त्यांनी बखरी तपासल्या, मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणारा ग्रांट डफ तपासला, दोघांच्याही चुका पदरात घातल्या, इतिहास कसा लिहावा ते सांगितले आणि मग वाचकाला पत्रांपर्यंत जाऊ दिले. पुढे असे २२ खंड झाले. सबंध मराठ्यांचा सलग इतिहास मात्र राजवाड्यांनी कधी लिहिला नाही, तो प्रस्तावनांमध्येच सांडून ठेवला आहे. जयराम पिंड्ये हा शहाजीराजांच्या दरबारातला कवी. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ राजवाड्यांनी १९२२ साली छापला. त्याला त्यांनी शहाजीवर अशी काही प्रस्तावना जोडली की आज चंपूचे नाव घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती प्रस्तावनाच वाचलेली असते. जयरामाने अनेक भाषांतल्या कवींना बोलते केले, त्यासाठी एवढा खटाटोप केला, आणि गाजला संपादक.

यावर कोणी म्हणेल की प्रस्तावनेला शेवटी ग्रंथ तर लागतोच. तेही खरे नाही. त्र्यं. शं. शेजवलकर आयुष्यभर शिवचरित्राची तयारी करीत होते. १९६३ साली ते गेले. १९६४ साली ‘श्रीशिवछत्रपती’ प्रसिद्ध झाले, त्यात संकल्पित शिवचरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधने आहेत. चरित्र नाही. या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि माझ्या मते तो अगदी योग्य मिळाला. न लिहिलेल्या पुस्तकाची प्रस्तावना लिहिलेल्या पुष्कळ पुस्तकांहून वजनदार असू शकते, याचा छापील दाखला हातात असताना तुम्ही थेट पहिल्या प्रकरणावर उडी मारणार असाल, तर ही मार्गदर्शिका इथेच मिटा.

हे असे का झाले, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. साधने छापणाऱ्याला माहीत असे की जुनी पत्रे, सनदा, निवाडे, ताळेबंद हे सर्व वाचणारा माणूस गावात एखादाच, आणि तोही प्रतिस्पर्धी. ग्रंथ लिहिण्याएवढा पैसा आणि आयुष्य पुरेल याची शाश्वती नाही. तेव्हा आलेल्या वाचकाला उंबऱ्यावरच गाठायचे आणि जे काय सांगायचे ते सगळे तिथेच सांगून टाकायचे. म्हणून या प्रस्तावनांत एक उतावीळ जिवंतपणा असतो. पुढच्या मजकुरात मात्र लेखक सभ्य होतो. नवशिक्याने सभ्य भाग तज्ज्ञांसाठी सोडावा.

एक सूचना राहिली. प्रस्तावनेवर ‘दोन शब्द’ असा मथळा असेल तर चहा टाकूनच बसा.

पायरी तिसरी : तारीख काढणे

प्रस्तावना संपवून तुम्ही पहिल्या अस्सल पत्राशी आलात तर तुमचे अभिनंदन. पत्रावर तारीख असेल आणि ती तुम्हाला समजणार नाही.

सरावासाठी सगळ्यांना पाठ असलेला दिवस घ्या. पानिपतची लढाई, १४ जानेवारी १७६१, बुधवार. संक्रांतीच्या सुमाराची असल्याने ती विसरली जात नाही. आता हाच दिवस जुन्या कागदांच्या हिशेबाने पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. शकात ७८ मिळवा, इसवी सन येतो, असे शाळेत शिकवलेले असते. मिळवा. १७६० आले. लढाई एक वर्ष आधीच झाली म्हणून दचकू नका. पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष उलटते, तिथून फाल्गुनअखेर ७९ मिळवायचे. हे शाळेत सांगत नाहीत, कारण ते सांगितले तर इतिहासाचे गुण गणितात मोजावे लागतील.

कागद सरकारी असेल तर त्यावर शुहूर सन असेल आणि तोही आकड्यांत नसून अक्षरांत : ‘इहिदे सितैन मया व अलफ’. घाबरू नका, ही फक्त बेरीज आहे. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. झाले ११६१. हे साल मृगाला सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा. आले १७६१. आता सितैन म्हणजे ६० आणि सीत म्हणजे ६, खमसैन ५० आणि खमस ५, एवढे लक्षात ठेवा. लेखनिक घाईत असेल आणि मोडी अक्षर पायाखाली तुडवल्यासारखे असेल, तर पाच आणि पन्नास यांतला फरक एका फराट्याचा असतो. ४५ वर्षांचा इतिहास त्या फराट्यावर उभा आहे, हे ध्यानात आले की संशोधक इतके चिडके का असतात तेही कळते.

याशिवाय महिना मुसलमानी असेल आणि त्याआधी ‘छ’ असेल. हा छ चंद्राचा, म्हणजे चंद्राच्या हिशेबाने मोजलेला दिवस. त्याच लढाईचे हिजरी साल ११७४. इथे मात्र ठरावीक आकडा मिळवण्याची सोय नाही, कारण हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी आखूड, त्यामुळे अंतर दर पिढीत बदलत जाते. यासाठीच जंत्री सांगितली होती. आणि राज्याभिषेक शकाने मोजायचे म्हटले तर साल ८७.

युरोपीय कागद वापरून सुटका होईल अशी आशा धरू नका. नवी दुरुस्त दिनगणना पोर्तुगिजांनी १५८२ साली स्वीकारली, इंग्रजांनी १७५२ साली. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळात गोव्यातला पाद्री आणि मुंबईतला इंग्रज व्यापारी एकाच दिवशी एकाच घटनेबद्दल लिहायला बसले, तर त्यांच्या तारखांत १० दिवसांचे अंतर पडणार. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या गणनेची, नव्या गणनेने ती १६ जून. यावरून घरात वाद घालायचा असेल तर पाहुणे जेवून गेल्यावर घाला.

पायरी चौथी

ही पायरी तयार आहे. ती पुरवणी खंडात येईल.

पायरी पाचवी : तळटीप

तळटीप वाचताना बोट वरच्या ओळीवर ठेवून नजर खाली न्यावी. बोट हलले तर पान पुन्हा पहिल्यापासून. टिपेत ‘पे. द.’, ‘म. इ. सा.’, ‘शि. च. सा.’ अशी आद्याक्षरे असतील. त्यांचे अर्थ संक्षेपसूचीत दिलेले असतात. संक्षेपसूची पहिल्या खंडात असते. तुमच्याजवळ तिसरा आहे. म्हणून सोय करून ठेवतो. पहिले पेशवे दफ्तर, सरदेसायांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत निवडून काढलेले ४५ भाग. दुसरी राजवाड्यांची साधने. तिसरे शिवचरित्रसाहित्य, हे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे. मंडळ १९१० साली राजवाड्यांनी आणि खंडेराव मेहेंदळ्यांनी स्थापन केले. त्यामुळे ‘भा. इ. सं. मं.’ हे कोणा दाक्षिणात्य गृहस्थाचे नाव नव्हे.

‘तत्रैव’ दिसले की वरच्या टिपेत पाहा. तिथेही तत्रैव असेल. मागच्या पानावर जा. तिथेही. चिकाटी सोडली नाहीत तर शेवटी मूळ आधार सापडतो आणि तिथे ‘खासगी संग्रह’ असे लिहिलेले असते.

तळटिपांतले खरे मनोरंजन वेगळेच आहे. आधीच्या संशोधकाचा समाचार घ्यायची ती हक्काची जागा. ‘विद्वान लेखकांच्या नजरेतून हे पत्र निसटलेले दिसते’ असे वाचलेत तर समजा की विद्वान लेखकांनी हे पत्र पाहिले होते आणि ते त्यांच्या मताच्या आड येत होते, अशी टीपकर्त्याची खात्री आहे. ‘आमचे मित्र’ असा उल्लेख आला तर त्या दोघांचे बोलणे बंद आहे. रहस्यकथेचे वाचक इथे चटकन रमतात.

पायरी सहावी : मूर्ती

आता कलेकडे. हा विषय बाहेर जाऊन करायचा आहे. नातेवाईक बरोबर असतील तर उत्तम, कारण ते तुम्हाला पुन्हा बोलावणार नाहीत.

ग. ह. खरे यांच्या ‘मूर्तिविज्ञाना’सारखे पुस्तक पिशवीत टाका आणि चार हातांची विष्णुमूर्ती असलेल्या एखाद्या यादवकालीन देवळात जा. मंडळी नमस्कार करीत असतील तेव्हा तुम्ही हात मोजा. शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधे चार हातांत वेगवेगळ्या क्रमाने दिली की २४ मांडण्या होतात आणि प्रत्येकीला एक नाव आहे. संध्येत केशव, नारायण, माधव म्हणतात, तीच ही चोवीस नावे. मोजायचे खालच्या उजव्या हातापासून, मग वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा आले तर केशव. पुजारी त्याला लक्ष्मीनारायण म्हणत असेल. त्याला दुरुस्त करू नका. शिवाय निरनिराळ्या ग्रंथांत ही यादी जुळत नाही. देवगिरीच्या हेमाद्रीपासून अनेकांनी ती नोंदली आहे आणि काही नावांना हात बदललेले आहेत. म्हणजे पुजाऱ्याला तोंडघशी पाडायला गेलात तर तोच हेमाद्री काढून तुम्हाला पाडील, अशी शक्यता थोडी का होईना असतेच. उजवा म्हणजे देवाचा उजवा, तुमचा नव्हे.

खाली-वर, डावे-उजवे होऊन डोके भणाणले की रा. चिं. ढेरे उघडा. खरे तर हे नाव नवशिक्याला सांगायचे नसते, कारण एकदा ढेरे हाती आले की माणूस नवशिका राहत नाही. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ साली निघाले. लाखो लोक ज्याला दरवर्षी भेटायला चालत जातात, त्या देवाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधत ढेरे पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवापर्यंत जातात, वीरगळ पाहतात, पुंडलिकाचे देऊळ मुळात शिवमंदिर असल्याचे दाखवतात, आणि एवढे होऊनही विठोबा तुमच्यापासून हिरावला गेला असे वाटत नाही. ‘लज्जागौरी’त मस्तक नसलेल्या मातृदेवतेच्या मूर्तींवरून त्यांनी असाच फेरफटका मारला आहे. तेर येथील संग्रहालयात गेलात तर मातीच्या लहान लहान मूर्तींसमोर उगाच घाई करू नका. ढेऱ्यांचे गद्य वाचनीय आहे. हा दोष मानून घ्यावा आणि पुढे जावे.

पायरी सातवी : विचार

विचारांच्या ग्रंथांत लढाया नसतात, चित्रेही नसतात, म्हणून ही पायरी छोटी आहे. रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’, १९७४, घ्या. तिच्यात कलेच्या विचाराला दोन ध्रुव आहेत. एक अलौकिकतावादी, म्हणजे कलेचे जगच वेगळे. दुसरा लौकिकतावादी, म्हणजे आपल्या रोजच्या जगण्याशी तिचे नाते आहेच. पाटणकर एका ध्रुवावर कायमचे बसत नाहीत आणि वाचकालाही बसू देत नाहीत. कान्ट येईल तेव्हा उठून खोलीत एक चक्कर मारावी. मर्ढेकर येतील तेव्हा ‘हे कवी ना?’ असे मोठ्याने विचारू नये.

पायरी आठवी : शुद्धिपत्र

ग्रंथाच्या शेवटी सूची असेल असे गृहीत धरू नका. असलीच तर ती व्यक्तींची असेल आणि तुम्हाला गाव हवे असेल. सूचीच्या जागी शुद्धिपत्र सापडेल. पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक दुरुस्ती मूळ पानावर स्वतःच्या हाताने करा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण शुद्धिपत्रामुळे माणूस न कळत सबंध ग्रंथाच्या पानापानावर जाऊन येतो, आणि प्रस्तावनेनंतर पुढे कधीच न गेलेले वाचकसुद्धा अशा रीतीने ४१२ व्या पानावर पोचलेले मी पाहिले आहेत.

दुरुस्त्या करता करता तुम्हाला शुद्धिपत्रात नसलेली एक चूक सापडेल. बहुतेक तारखेची. शकात ७८ च मिळवलेले असतील आणि महिना माघ असेल. रात्री झोप येणार नाही. घरच्यांना सांगाल, ते ‘बरं’ म्हणतील. तेव्हा एक पत्र लिहा, पोस्टकार्ड नको, जागा पुरत नाही. सुरुवात ‘विद्वान लेखकांच्या नजरेतून’ अशी करा, आधार द्या, आधाराला टीप द्या आणि खाली स्वतःचा पूर्ण पत्ता लिहा. उत्तर येते. ते तुमच्या पत्राहून लांब असते, आणि त्याला प्रस्तावना असते.